ओल्या कपड्यांचा ताळेबंद

सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या आमच्या अक्कलकुव्यात चातुर्मासाचे पहिले दोन-अडीच महिने म्हणजे ओल्या कपड्यांचे दिवस. घर आणि दुकान एकाच छताखाली असणाऱ्या आपल्या कुटुंबांना ही अडचण समजावून सांगण्याची गरज नाही. गॅलरीत दोऱ्या, जिन्यात दोऱ्या आणि शेवटी दुकानामागच्या खोलीतही दोऱ्या. कपड्यांतून निघालेला ओलावा घरातच कोंडतो. भिंतींना पोपडे आणतो, पापडांच्या डब्यात शिरतो, मालाच्या थप्प्यांपर्यंत पोहोचतो. बुरशी धरू नये म्हणून आपल्या घरांत जी जयणा पाळली जाते, तिची कसोटी याच दिवसांत लागते.

गेल्या तीन पावसाळ्यांपासून माझ्या नव्वदीतील मातोश्री अंथरुणाला खिळून आहेत. दिवसातून दोन-तीनदा चादरी बदलाव्या लागतात. चादर किंचितही दमट राहिली, तरी त्यांच्या नाजूक त्वचेवर लाली उमटते आणि जखमेचे भय वाटते. म्हणून मुलाने कंडेन्सर पद्धतीचा ड्रायर घेण्याचा विचार मांडला. त्याची माहिती वाचून सूनबाईंनी विचारले, "बाबा, याची हवा बाहेर सोडायला भिंतीत भोक पाडावे लागत नाही म्हणतात, मग कपड्यांतले पाणी जाते तरी कुठे?" प्रश्न रास्त होता. बँकेत आयुष्यभर वह्या तपासलेल्या माणसाला, एका खात्यातून गेलेली रक्कम कोणत्या खात्यात जमा झाली हे सापडल्याशिवाय चैन पडत नाही.

येथे शब्दाचा एक गोंधळ दूर केला पाहिजे. दोन टाक्यांच्या धुलाई यंत्रातील ज्या टाकीला आपण ड्रायर म्हणतो, ती कपडे केवळ वेगाने फिरवून पिळते. पिळल्यानंतरही 5 किलो सुती कपड्यांत सुमारे 3 लिटर पाणी उरते. ते काढायचे, तर त्याची वाफच करावी लागते.

वाळवण्याचे शास्त्र आपल्या जिल्ह्याला नवे नाही. नंदुरबारच्या पथाऱ्यांवर पसरलेली लाल मिरची आपण सर्वांनी पाहिली आहे. ऊन उष्णता देते, वारा वाफ वाहून नेतो आणि कोरड्या हवेत त्या वाफेला जागा असते. पावसाळ्यात ही जागाच उरत नाही. 30 अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवा फार तर 30 ग्रॅम वाफ सामावते, आणि श्रावणातील हवा आधीच जवळजवळ भरलेली असते. हीच हवा 60 अंशांपर्यंत तापवली, तर तिची क्षमता सुमारे 130 ग्रॅम होते. ड्रायरचे सारे काम या फरकावर चालते.

तापलेली हवा फिरत्या पिंपातील कपड्यांतून जाते आणि वाफेने भरते. जुन्या पद्धतीचे यंत्र ही हवा नळीवाटे घराबाहेर सोडते. कंडेन्सर यंत्र ती धातूच्या पातळ पत्र्यांमधून नेते. पत्र्यांच्या दुसऱ्या बाजूने खोलीतील थंड हवा वाहते. दोन्ही हवा एकमेकींत मिसळत नाहीत. गरम भाताच्या पातेल्यावरील झाकणाला आतून थेंब धरतात, तसे वाफेचे पाणी होते आणि यंत्रातील टाकीत साचते. कोरडी झालेली हवा पुन्हा तापून कपड्यांकडे वळते.

पाण्याचे खाते जुळले, उष्णतेचे राहिले. एक लिटर पाण्याची वाफ करण्यास सुमारे दोन तृतीयांश युनिट ऊर्जा लागते, म्हणजे 3 लिटरना 2 युनिट. हा निव्वळ हिशेब. प्रत्यक्ष वापर याहून बराच अधिक होतो. वाफेचे पाणी होताना तीच उष्णता परत मिळते, पण साध्या कंडेन्सर यंत्रात ती खोलीत पसरून वाया जाते. हीट पंपाच्या यंत्रात शीतकपाटासारखी रचना असते. तिची थंड वेटोळी वाफेकडून उष्णता घेतात आणि गरम वेटोळी तीच उष्णता हवेला परत देतात. त्यामुळे वीज सुमारे निम्मी लागते आणि कपडेही कमी तापतात. मात्र यंत्राची किंमत अधिक, व वेळही जास्त.

आमच्याकडे पावसाळ्यात रोजच्या दोन फेऱ्या ठरलेल्या. तेव्हा विजेतील बचत धरून आम्ही हीट पंपाचे यंत्र घेतले. आता मातोश्रींची चादर पूर्ण कोरडी असते. पाठीवरील लालीही ओसरली आहे. सूनबाई दर फेरीनंतर टाकी रिकामी करतात. त्या पाण्यात तंतू व साबणाचा अंश असू शकतो, म्हणून ते पिण्यास वापरू नये. फरशी पुसण्यास चालते. तंतूंची जाळी प्रत्येक वेळी साफ करावी, अन्यथा हवा अडते. साधे कंडेन्सर यंत्र असल्यास खोलीची खिडकी उघडी ठेवावी. खोली तापली की पाणी जमण्याचे काम मंदावते.

ज्यांच्या घरी रुग्ण किंवा तान्हे मूल आहे, त्यांनी आपल्या घरचा असा हिशेब अवश्य मांडावा. इतरांना यंत्राची घाई नाही. आमच्या घरीसुद्धा आश्विनात ऊन पडू लागले की यंत्रावर कापड टाकले जाते आणि चादरी गच्चीवरील दोरीवर जातात.