गाणें दुसऱ्याच्या मुखीं देणारा

नाटक आटोपून घरीं जाणारा प्रेक्षक ज्याचें नांव तोंडीं घेऊन जातो, तो बहुधा गाणारा नट असतो. त्या पदाचे शब्द कोणीं जुळविले, चाल कोणीं शोधली, तो नट कोणत्या गांवाहून कोणीं आणिला, रात्रीच्या उत्पन्नांतून गाडीभाडें व जेवणखर्च कोणीं भागविला, हें विचारण्यास तो थांबत नाहीं. यांत त्याचा मोठासा दोष आहे असेंही नाहीं. गोड आंबा खाणारा कलम बांधणाऱ्याची चौकशी करीत नाहीं. परंतु ज्यांना पुढें स्वतः कलमें बांधावयाचीं आहेत, त्यांनीं ती अवश्य केली पाहिजे. याच हेतूनें आमच्या विद्यार्थिमित्रांपुढें आज अण्णासाहेब किर्लोस्कर यांची आठवण ठेवीत आहें.

बळवंत पांडुरंग ऊर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर यांचा जन्म ३१ मार्च १८४३ रोजीं कर्नाटकांतील गुर्लहोसूर या गांवीं झाला. त्याच वर्षीं सांगलीस विष्णुदास भावे यांनीं ‘सीतास्वयंवर’ करून मराठी नाटकाचा पाया घातला. म्हणजे मराठी नाटक व अण्णासाहेब हीं दोघें एकाच वयाचीं. विद्याभ्यासासाठीं ते पुण्यास आले; परंतु तेथें त्यांचें चित्त पाठ्यपुस्तकांपेक्षां नाटकांतच अधिक रमलें. पुढें त्यांनीं बेळगांवास शिक्षकाचें काम केलें, व त्यानंतर रेव्हिन्यू कमिशनरच्या कचेरींत नोकरी धरली. वयाच्या सदतिसाव्या वर्षापर्यंत हा मनुष्य कचेरींतील कागदांतच गुंतलेला होता, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे.

१८८० सालीं पुण्यांत पारशी मंडळीचा एक संगीत खेळ त्यांच्या पाहण्यांत आला, आणि मराठींतही असें नाटक व्हावें असें त्यांनीं मनांत घेतलें. त्यांनीं कालिदासाचें ‘शाकुंतल’ हातीं घेतलें, तें मराठींत आणिलें, त्यांत सुमारें दोनशें पदें घातलीं, नट जमविले, त्यांस तालीम दिली, आणि त्याच वर्षीं ३१ ऑक्टोबर रोजीं पुण्याच्या आनंदोद्भव नाटकगृहांत पहिल्या चार अंकांचा प्रयोग लाविला. लेखक तेच, पदकर्ते तेच, तालीममास्तर तेच, आणि मंडळीचे चालकही तेच.

परंतु माझ्या मतें त्यांची खरी थोरवी एकट्यानें चार कामें करण्यांत नाहीं. ती निराळ्याच ठिकाणीं आहे. भाव्यांच्या नाटकांत सूत्रधार एका बाजूस उभा राहून सर्वांचीं पदें आपणच म्हणत असे. पात्रें त्या अनुरोधानें हावभाव करीत, व आयत्या वेळीं सुचेल तें बोलत. सारें गाणें एकाच्या कंठांत होतें. अण्णासाहेबांनीं तें गाणें ज्याचें त्याला वांटून दिलें. शकुंतलेचें दुःख शकुंतलेनें गावें, दुष्यंताचा पश्चात्ताप दुष्यंतानें गावा, ही आज आपणांस साधी वाटणारी गोष्ट त्या दिवशीं नवी होती. ज्याच्या हातीं मंडळीचीं सर्व सूत्रें होतीं, त्यानेंच सूत्रधाराकडील गाणें काढून पात्रांच्या मुखीं घातलें. मराठी संगीत नाटक या वांटून देण्यांतून जन्मास आलें आहे.

पदांच्या चालींविषयींही त्यांची दृष्टि अशीच होती. साकी, दिंडी, लावणीच्या चाली, कर्नाटकांतील चाली व रागदारी, असा लोकांच्या कानांस ओळखीचा असलेला सर्व ठेवा त्यांनीं उपयोगांत आणिला. ओळखीची चाल असली म्हणजे श्रोता पद सहज उचलतो, आणि दुसऱ्या दिवशीं तें घराघरांत ऐकूं येतें. पद आपल्याजवळ न राहतां लोकांचें व्हावें, अशी योजना त्यांतच होती.

नाटकमंडळी म्हणजे एक फिरतें बिऱ्हाडच. पडदे, पोषाख, पेट्या, स्वयंपाकाचीं भांडीं आणि नाना स्वभावांचीं माणसें घेऊन तें गांवोगांव न्यावयाचें असतें. त्यांत चालकाला एकाचा आवाज व दुसऱ्याचा रुसवा दोन्ही सांभाळावे लागतात. अण्णासाहेबांच्या मंडळींत मोरोबा वाघोलीकर व बाळकोबा नाटेकर यांसारखे कसलेले गायक होते. १८८२ सालीं बडोद्याहून भाऊराव कोल्हटकर हा विशीच्या आंतील तरुण त्यांना येऊन मिळाला. स्त्रिया रंगभूमीवर येत नसत असा तो काळ होता. भाऊरावांचा तेजस्वी आवाज ऐकून नायिकेचीं कामें त्यांच्याकडे आलीं. त्याच वर्षीं ‘सौभद्र’ रंगभूमीवर आलें, व भाऊरावांची सुभद्रा सर्वतोमुखीं झाली. हें नाटक भाषांतरित नाहीं. कथा महाभारतांतील, पण बहिणीच्या लग्नावरून घरांत उठलेला तो गोड गोंधळ अण्णासाहेबांच्या स्वतःच्या प्रतिभेचा आहे.

२ नोव्हेंबर १८८५ रोजीं अण्णासाहेब वारले. वय अवघें बेचाळीस. ‘शाकुंतला’च्या पहिल्या प्रयोगापासून मोजलें तर त्यांना पांच वर्षें व दोन दिवस मिळाले. ‘रामराज्यवियोग’ हें त्यांचें तिसरें संगीत नाटक तीन अंकांवरच राहिलें. परंतु मंडळी थांबली नाहीं. त्यांचे शिष्य गोविंद बल्लाळ देवल यांनीं १८९९ सालीं ‘शारदा’ लिहून बाला-वृद्ध विवाहाच्या दुष्ट चालीवर कोरडा ओढला, तो याच मंडळीच्या हातून. बालगंधर्व १९०५ सालीं याच मंडळींत आले, आणि १९१३ सालीं त्यांनीं आपली निराळी मंडळी काढली. तीही या झाडाचीच फांदी.

या झाडाची एक फांदी आपल्या बुलढाणा जिल्ह्यावरही वांकलेली आहे. महाराष्ट्रगीताचे कवी श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांनीं खामगांव व जळगांव-जामोद येथें वकिली केली. त्यांचें ‘वीरतनय’ हें नाटक किर्लोस्कर मंडळीनेंच रंगभूमीवर आणिलें. अण्णासाहेब गेले त्या वेळीं श्रीपाद कृष्ण चौदा वर्षांचे होते, म्हणजे आमच्या नववीच्या वर्गांतील मुलाएवढे. ज्याच्यासाठीं आपण वाट तयार करीत आहों, तो कोठें तरी शाळेंत बसलेला असतो, व वाट करणाऱ्याला त्याचें नांवही ठाऊक नसतें.

आमच्या वरच्या वर्गांतील मुलें हल्लीं पाश्चात्य रॉक संगीत आवडीनें ऐकतात. त्यांच्यासाठीं एक परदेशचें उदाहरण देतों. अण्णासाहेबांच्या जन्मानंतर बरोबर शंभर वर्षांनीं, १९४३ सालीं, न्यूयॉर्क शहरांत सँडी पर्लमन नांवाचा मनुष्य जन्मला. ‘ब्ल्यू ऑयस्टर कल्ट’ या प्रसिद्ध रॉक वाद्यवृंदाचा तो व्यवस्थापक; त्यांच्या सुरुवातीच्या ध्वनिमुद्रिकांच्या निर्मितींत त्याचा हात; त्यांच्या कित्येक गाण्यांचे शब्द त्याचे; वाद्यवृंदाचें नांवही त्याच्याच कवितेंतून आलेलें. गिटार घेऊन दिव्यांच्या झोतांत उभे राहणारे मात्र दुसरे. पुढें तो कॅनडांतील मॅकगिल विद्यापीठांत शिकवूं लागला, व २०१६ सालीं निवर्तला. देश निराळा, संगीत निराळें. पण शब्द लिहून दुसऱ्याच्या कंठांत घालणें व त्या कंठाची काळजी वाहणें हें काम तेंच. आणि दोघांनींही आयुष्यांत केव्हां ना केव्हां शिक्षकाचा खडू हातीं धरिला, याचें मला कौतुक वाटतें.

गेल्या स्नेहसंमेलनाच्या तयारींत एका मुलानें मला विचारलें, “सर, गाणीं मी लिहिलीं, वह्या मी सांभाळतों, तालमीला सर्वांना मीच बोलावतों, आणि टाळ्या मात्र गाणाऱ्याला. मग मी हें कां करावें?” प्रश्न खरा होता, आणि त्यांत थोडें दुःखही होतें. अशा मुलास “निष्काम बुद्धीनें कर” असें सांगून मोकळें होणें सोपें आहे. परंतु तें न्यायाचें नाहीं. ज्याचें श्रम, त्याचें नांव घेतलें गेलें पाहिजे. म्हणून त्या दिवसापासून आमच्या कार्यक्रमपत्रिकेंत गाणाऱ्याच्या आधीं पद्यकाराचें नांव छापण्याचा प्रघात मीं घातला आहे, आणि पेटी वाजविणारा व पडदा ओढणारा यांचींही नांवें त्यांत असतात. अण्णासाहेबांचें नांव मंडळीलाच लागलें म्हणून तें टिकलें. त्या मंडळीचे पडदे ओढणारे कोण होते, हें आज कोण सांगूं शकेल?

मात्र नांव छापल्यानें प्रश्नाचा अर्धाच भाग सुटतो. दुसरा अर्धा ज्याचा त्यानें सोडवावयाचा. आपण लिहिलेलें पद दुसऱ्याच्या गळ्यांतून आपल्याहून सरस निघालें, तर त्या क्षणीं आनंद होतो कीं असूया, हें प्रत्येकानें आपल्या मनाला विचारून पाहावें. आनंद होत असेल, तर तो मनुष्य या कामास योग्य आहे. मी स्वतः आतां बेचाळिशीच्या पुढें आलों आहें. अण्णासाहेबांना जेवढें आयुष्य लाभलें, त्याहून अधिक मला आधींच मिळालें आहे. वर्गांत शिकविलेलें पुढें कोणाच्या मुखीं कोणत्या रूपानें येईल, याचा हिशेब शिक्षकाला कधींच लागत नाहीं. पण ‘सौभद्र’ आजही रंगभूमीवर होतें. तें लिहिणाऱ्याच्या आयुष्याच्या तिपटीहून अधिक वर्षें तें जगलें आहे. मित्रहो, जें आपण आपल्याजवळ राखून ठेवतों, तें आपल्याबरोबर संपतें. जें वांटून देतों, त्याला मात्र नवे कंठ मिळत जातात.