शेऱ्याचा रकाना

ऑफिसातल्या यंत्रांची नोंद ठेवणारं स्नाइप-आयटी हे सॉफ्टवेअर बसवलं त्या रात्री मी ४२ कॅटेगऱ्या केल्या होत्या. 'लॅपटॉप – अकाउंट्स', 'लॅपटॉप – डिझाइन', 'लॅपटॉप – जुना', 'लॅपटॉप – साहेब'. हसू नका, शेवटची खरंच होती. साहेबांचा लॅपटॉप यादीत आधी सापडायला हवा, एवढंच त्यामागचं शास्त्र. साडेअकराला ऑफिसातून निघालो तेव्हा रुखवत मांडून झाल्यावर मावशीच्या चेहऱ्यावर असतं तसं समाधान माझ्याही चेहऱ्यावर असणार.

ते आठ दिवस टिकलं. अकाउंट्समधली एक मुलगी डिझाइनला गेली, लॅपटॉपसकट. आता तो लॅपटॉप कुठल्या कॅटेगरीत? मी बदलला. महिन्याभरात अशा सात बदल्या झाल्या, त्यातल्या चार माझ्या कानावरच आल्या नाहीत. 'जुना'ची गत याहून वाईट. जुना कधीपासून? कोण ठरवणार? ज्याला नवा हवा असतो त्याच्या मते त्याचा लॅपटॉप रोजच जुना असतो.

यंत्रं होती तीच होती. त्यांची माणसं बदलली, मजले बदलले, वय वाढलं, आणि हे सगळं मी त्यांच्या कुळात घालून बसलो होतो. कॅटेगरीनं एकच सांगायचं असतं: ही वस्तू काय आहे. कोणाच्या नावावर आहे ते चेकआउट सांगतं, कुठं आहे ते लोकेशन सांगतं, चालते की दुरुस्तीला गेली ते स्टेटस सांगतं. या जागा सॉफ्टवेअरमध्ये आधीच होत्या. मी त्या बघितल्याच नव्हत्या.

लायब्ररीवाल्यांनी हे भांडण फार आधी भांडून घेतलंय. ड्युईनं १८७६ मध्ये साऱ्या ज्ञानाची दहा घरं पाडली आणि प्रत्येक पुस्तकाला एक घर दिलं. मग एकाच पुस्तकात शेतीही असेल, इतिहासही असेल आणि तमिळ प्रदेशही असेल, तर काय करायचं? आपल्याकडच्या एस. आर. रंगनाथन यांनी लंडनच्या दुकानात मेकॅनोचा संच पाहिला आणि त्यातून त्यांना वाट सुचली असं सांगतात. तयार घरं देण्यापेक्षा सुटे भाग द्यावेत आणि ज्याचं त्यानं जोडून घ्यावं. त्यांचं कोलन वर्गीकरण १९३३ मध्ये छापून आलं. मी ड्युईच्या वाटेनं निघालो होतो आणि त्याच्याइतकी शिस्तही माझ्यात नव्हती.

कॅटेगरी करताना सॉफ्टवेअर एक प्रश्न विचारतं आणि बरेचजण तो वाचतही नाहीत. कॅटेगरीचा प्रकार कोणता? असेट, अॅक्सेसरी, कन्झ्युमेबल, कॉम्पोनंट की लायसन्स? लॅपटॉप असेट, त्याला स्वतःचा टॅग, स्वतःचा इतिहास. माउस अॅक्सेसरी, त्याची फक्त मोजदाद; माणूस सोडून गेला की परत मागायचा. टोनर कन्झ्युमेबल, दिला तो गेला, परत कोणी मागत नाही. रॅमची पट्टी कॉम्पोनंट, ती माणसाला मिळत नाही, मशीनला मिळते. म्हणजे प्रश्न वस्तूच्या किमतीचा नाही. ती परत यायची आहे का, आणि आली तर 'तीच' यायला हवी का, एवढाच आहे. आणि एकदा त्या कॅटेगरीत वस्तू भरल्या की प्रकार बदलता येत नाही. मी मॉनिटर अॅक्सेसरीत टाकले होते. ८० मॉनिटर पुन्हा हातानं असेटमध्ये आणताना हा धडा नीट बसला.

राहिला चार्जर. तो अॅक्सेसरी म्हणावा तर प्रत्येक मॉडेलची पिन वेगळी. असेट म्हणावा तर त्यावर स्टिकर टिकत नाही, गरम होऊन दोन महिन्यांत सुटतो. लॅपटॉपचाच भाग म्हणून सोडून द्यावा, तर राजीनाम्याच्या दिवशी लॅपटॉप परत येतो आणि चार्जर येत नाही. याच्याकडं पुन्हा येऊ.

आता कस्टम फील्ड. ऑफिसात सगळे फील्डच म्हणतात, मला रकाना हा शब्द जास्त आवडतो. त्यात वहीची रेघ दिसते. स्नाइप-आयटीत हे रकाने कॅटेगरीला लागत नाहीत, मॉडेलला लागतात. आधी फील्डसेट करायचा, म्हणजे रकान्यांचा संच, आणि तो मॉडेलला जोडायचा. हे कळेपर्यंत मी दोन संध्याकाळी कॅटेगरीच्या पानावर ती सोय शोधत होतो. वरवर उलटं वाटतं, पण आहे बरोबर. आयएमईआय हवा तो फोनला आणि सिमवाल्या टॅबलेटला. नुसत्या वायफायवर चालणाऱ्या टॅबलेटला तो नसतोच. कॅटेगरी दोन्ही टॅबलेटची एक, रकाने मात्र वेगळे.

दुसरी गोष्ट डेटाबेस उघडून बघितला तेव्हा दिसली. तुम्ही एक रकाना वाढवता तेव्हा असेटच्या मुख्य तक्त्यात वरपासून खालपर्यंत एक नवा स्तंभ उभा राहतो. वर्गात एका मुलाला चष्मा लागला म्हणून सगळ्या शाळेच्या हजेरीपटात 'चष्म्याचा नंबर' असा स्तंभ आखावा, तसं. पडद्यावर हे दिसत नाही, म्हणून हात सैल सुटतो. माझा सुटला होता. पहिल्या वर्षी ३१ रकाने होते. 'बॅगचा रंग' हाही त्यात होता.

त्यातले सहा मी सक्तीचे केले. सक्तीच्या रकान्याइतकं खोटं बोलायला दुसरं काही शिकवत नाही. इन्व्हॉइस क्रमांक भरल्याशिवाय नोंद पुढं जात नव्हती आणि २०१५-१६ च्या मशिनींची बिलं कोणाकडंच नव्हती. स्टोअररूममध्ये उभा असलेला पोरगा, एका हातात मशीन, दुसऱ्या हातात फोन, घामाघूम. तो काय करणार? वर्षअखेरीस ऑडिटर आले. मालमत्तेच्या नोंदी नगाच्या संख्येसह आणि ठिकाणासह नीट ठेवल्यात का, हे त्यांना कारो २०२० या ऑडिट अहवालाच्या आदेशाप्रमाणे लिहावं लागतं. त्यांची यादी घेऊन अकाउंट्सच्या मॅडम माझ्या टेबलाशी आल्या. "अहो, '१२३' या एकाच इन्व्हॉइसवर आपण ६४ कॉम्प्युटर घेतलेत का?"

रिकामा रकाना निदान रिकामा असल्याचं कबूल करतो. भरलेला '१२३' तेवढंही करत नाही. त्या दिवसापासून मी सक्ती काढली. जिथं यादीतून निवडायचं असतं तिथं 'बघितलं नाही' असा एक पर्याय ठेवू लागलो. तो पर्याय लोक लाजत निवडतात, पण निवडतात.

तपासणी मात्र ठेवली, कारण सक्ती आणि तपासणी या वेगळ्या गोष्टी आहेत. मॅक अॅड्रेस १२ चिन्हांचा, त्यात शून्य ते नऊ आणि ए ते एफ एवढंच. 'ओ' हे अक्षर त्यात येऊच शकत नाही. ही अट रकान्याला लावली की शून्याच्या जागी ओ लिहिणारे हात तिथंच थांबतात. सीरियल नंबरला ही सोय नाही, तिथं दोन्ही चालतं. शिवाय सीरियलचा दुसरा शत्रू स्प्रेडशीट. सात अक्षरांचा टॅग, सहा आकडे आणि मध्ये एक 'ई', म्हणजे ही मोठी संख्या आहे असं स्प्रेडशीट परस्पर ठरवतं आणि तसं लिहून टाकतं. पुढची शून्यं तर गिळतंच. आयात करण्याआधी स्तंभ 'टेक्स्ट' करून घ्या. हे मी प्रत्येक नव्या मुलाला सांगतो आणि प्रत्येकजण एकदा चुकून मगच ऐकतो.

आमच्या गावाकडच्या सातबाऱ्यावर गाव नमुना बाराच्या कडेला 'शेरा' म्हणून एक अरुंद रकाना असतो. लहानपणी आजोबा तो उतारा डोळ्याजवळ धरून वाचायचे तेव्हा आधी शेरा आणि 'इतर अधिकार' बघायचे, क्षेत्र नंतर. क्षेत्र त्यांना पाठच होतं. आपल्याला ठाऊक नसलेलं काही असलंच, तर ते त्या कडेच्या जागेत असायचं.

हे मला उशिरा आठवलं. स्नाइप-आयटीत प्रत्येक असेटला नोट्सची मोकळी जागा असते. मी नवे रकाने करणं थांबवलं आणि मुलांना सांगितलं, "जे वाटेल ते शेऱ्यात लिहा. मराठीत लिहा, इंग्रजीत लिहा, शिव्या सोडून काहीही." तीन महिन्यांनी सगळे शेरे एकत्र काढून वाचले. 'बिजागरी सैल' अकरा वेळा, सगळे एकाच मॉडेलचे. त्याचा रकाना केला नाही, ते मॉडेल घेणं बंद केलं. 'बॅटरी फुगली'साठी वेगळं स्टेटस केलं, कारण अशी मशीन कपाटात ठेवायचीच नसते. आणि 'अकरा होत नाही', 'टीपीएम नाही', '११ ला चालणार नाही' हे इतक्या तऱ्हांनी लिहिलं होतं की त्याचा रकाना आपोआप झाला: 'विंडोज ११ चालतं का?' हो, नाही, बघितलं नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला. त्याच्या आधी वर्षभर खरेदीची प्रत्येक बैठक त्या एका रकान्यावर चालली.

काम झाल्यावर तो काढून टाकला. काढताना जपून, रकाना गेला की त्यातली सगळी माहिती स्तंभासकट जाते, म्हणून आधी प्रत काढून ठेवायची. 'बॅगचा रंग' मी प्रत न काढताच उडवला.

आता आमच्याकडं १४ कॅटेगऱ्या आणि नऊ रकाने आहेत. नववा या वर्षी आला: निर्लेखन झालेली मशीन कोणत्या नोंदणीकृत रिसायकलरकडं गेली, त्याच्या पावतीचा क्रमांक. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले, पण आमच्याकडं तो रकाना व्हायला शेऱ्यात 'भंगारवाला घेऊन गेला' असं पाच वेळा यावं लागलं.

चार्जर अजून शेऱ्यातच आहे.