मागे फिरवलेला डाव

गेल्या दिवाळीत भाच्याच्या निन्टेंडो स्विचवर आम्ही दोघा भावांनी 'सुपर मारिओ ब्रदर्स' पुन्हा खेळून पाहिला. घराच्या वाटणीनंतर एका खोलीत इतका वेळ आम्ही प्रथमच बसलो होतो. हा खेळ मूळचा १९८५ सालचा. आमच्याकडे तो नव्वदच्या दशकात आला, टीव्हीला जोडायच्या एका नकली यंत्रावर. कॅसेटवर फुंकर मारून तो सुरू करावा लागे. थोरला मारिओ आणि धाकटा लुइजी, हे वयाच्या अधिकाराने ठरलेले होते.

नव्या यंत्राने जुन्या संहितेशी इमान राखले आहे, हे प्रथम मान्य करायला हवे. तेच ३२ टप्पे, तेच संगीत, तीच उडी. जुन्या काचेच्या पडद्याचा आभासही हवा तर मिळतो. मात्र २०१९ मध्ये तेथे एक नवी सोय आली. दोन कळा एकदम दाबून धरल्या, की खेळ मागे फिरतो. खड्ड्यात पडलेला मारिओ पुन्हा काठावर येऊन उभा राहतो.

जुन्या ग्रंथाला वाचकासाठी तळटीपा जोडाव्यात, तशीच ही सोय असावी, असे आम्हांला आधी वाटले. मूळ अक्षराला तिने धक्का लावलेला नाही. पण तासाभराने ध्यानात आले, की धाकट्याला एकदाही खेळायला मिळालेले नाही. दोघांच्या खेळात पाळी बदलते ती मरणाने. मारिओ मेला, की लुइजीचा डाव. थोरला प्रत्येक चूक मागे फिरवत होता, आणि लुइजी पडद्यावर येतच नव्हता.

लहानपणी या नियमावरून आम्ही पुष्कळ भांडलो. एकाने हरावे आणि दुसऱ्याने सरसावून बसावे, यावरच आमच्या उन्हाळी सुट्ट्या उभ्या होत्या, हे मात्र आत्ता कळले. तो नियम संहितेत आजही जसाच्या तसा आहे. फक्त तो लागू होण्याची वेळ आता येत नाही. संहिता जपली गेली म्हणून ती वाचण्याची रीतही जपली जाते, असे नाही.

अखेर थोरल्याने त्या दोन कळांवरची बोटे काढली. पुढच्याच खड्ड्यात मारिओ पडला. तो मुद्दाम पडला की हात थकल्यामुळे, यावर आम्ही काही बोललो नाही. लुइजीचा डाव सुरू झाला होता.