मोगरा की केवडा

शिरोली एमआयडीसीत माणसाला घड्याळ नसलं तरी चालतं, वासावरनं वेळ कळते. सकाळी गाड्यावरच्या चहाचा, दुपारी तापलेल्या वाळूचा, आणि ओतकाम सुरू झालं की घशात बसणारा जळका कोळशाचा. आमचे आबा इथल्या एका फौंड्रीत मोल्डर. बेंटोनाइट अन् कोळशाची भुकटी मिसळलेली काळी ओली वाळू पेटीत ठोकायची, साचा काढायचा, आणि त्यात 1300 अंशांच्या वर तापलेला लोखंडाचा रस ओतायचा. या कामात त्यांची उमेद गेली आणि हळूहळू नाकही गेलं. कोण म्हणे वाळूनं, कोण म्हणे तपकिरीनं. आमटी करपली तरी त्यांना कळत नसे.

ताईचं लग्न ठरलं. पाहुण्यांच्या हाताला लावायला अत्तर हवं होतं. मी कोल्हापुरातनं दोन फाये आणले, एक मोगऱ्याचा, एक केवड्याचा. अत्तरवाला म्हणाला, मोगरा कनौजचा. तांब्याच्या डेगीत फुलं उकळून वाफ चंदनाच्या तेलात उतरवतात. केवडा ओडिशातल्या गंजामकडचा. नराच्या कणसालाच तो वास असतो.

आईचं आधीच ठरलेलं. "मोगराच घे. केवडा महादेवाला चालत न्हाई, शुभकार्यात कशाला?"

आबांनी मोगरा हुंगला. चेहरा तसाच. "पाण्यागत हाय." मग केवडा नाकाशी नेला आणि थांबले. पुन्हा हुंगला.

"ह्यो येतोय गा मला."

आम्ही गप्प. तेच पुढं बोलले, "आमच्या म्हातारीच्या ट्रंकेत लुगड्यांच्या घडीत केवड्याचं पान असायचं. ट्रंक उघडली की घरभर."

आई पदरानं हात पुसत उभी होती. थोड्या वेळानं म्हणाली, "केवडाच आण. पोरीच्या लग्नात बापाला वास याय नको व्हय? महादेवाला मी सांगतो काय ते."

मोगरा बायकांच्या गजऱ्यांत राहिला. आबा मांडवाच्या दारात उभे राहून येईल त्याच्या मनगटावर केवडा लावत होते आणि मधूनच स्वतःचं बोट नाकाशी नेत होते.

तिसऱ्या दिवशी ते पाळीला गेले ते कानात फाया ठेवूनच. शेजारच्या मोल्डरनं विचारलं, "आबा, वास कसला ओ?"

"लेकीच्या लग्नाचा," आबा म्हणाले आणि पेटी ठोकायला बसले.