चिंचोक्याचे ऋतुमान

शेफील्ड हे नगर ५३ उत्तर अक्षांशाच्याही थोडे पलीकडे वसलेले असल्यामुळे, ऑक्टोबर सरला की पुढे मार्चपर्यंत तेथील सूर्य क्षितिजाच्या लगतून इतक्या तिरप्या वाटेने प्रवास करतो की, निरभ्र दिवशी डोळ्यांना लख्ख वाटणाऱ्या उन्हातूनही, त्वचेत ‘ड’ जीवनसत्त्व निर्माण करणारा जो अतिनील किरणांचा अंश, तो भूमीपर्यंत जवळजवळ पोहोचतच नाही. नोकरीनिमित्त आमचे बिऱ्हाड तेथे गेले त्या पहिल्याच हिवाळ्यात दवाखान्यातील डॉक्टरीणबाईंनी आमचा सावळा वर्ण पाहून सबंध कुटुंबाला त्या जीवनसत्त्वाच्या गोळ्या सांगितल्या होत्या. पुढे चिंचोका घरात आला तेव्हा ध्यानात आले की, आपल्या आणि या इवल्या जीवाच्या परदेशवासातील उणीव एकच आहे. मात्र आमचे काम गोळीवर भागत होते, आणि त्याच्यासाठी साक्षात सूर्याचीच तजवीज करणे भाग होते.

चिंचोका हे हर्मनच्या जातीचे भूकासव. ग्रीस, इटली, बाल्कन प्रदेश येथील झुडपी टेकड्या हे या जातीचे माहेर; स्ट्रासबुर्गचे निसर्गशास्त्रज्ञ योहान हर्मन यांचे नाव तिला १७८९ साली मिळाले. आमच्या कन्येने कासवाचा हट्ट धरला तेव्हा मी प्रथम कायद्याची चौकशी केली, आणि तीतून जो इतिहास हाती आला त्याने मन खिन्न झाले. भूमध्य सागराच्या काठची ही कासवे लाखोंच्या संख्येने पेट्यांत एकावर एक रचून इंग्लंडात आणली जात आणि बाजारात क्षुल्लक किमतीला विकली जात. त्यांतली बहुसंख्य, थंडी आणि ओल यांचा बंदोबस्त कोणालाच ठाऊक नसल्यामुळे, थोड्याच अवधीत मरत. १९८४ साली ही आयात बंद झाली. आता ज्या कासवाची विक्री करावयाची ते बंदिवासात जन्मलेले आहे असा सरकारी दाखला असावा लागतो, आणि असा दाखला मुकाट्याने पुढे करणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांच्या घरूनच आम्ही हे पिल्लू घेतले. तळहाताच्या खळग्यात मावेल एवढे ते होते. त्याच्या पिवळसर पाठीवरील तपकिरी, तुळतुळीत डागांत कन्येला वाईच्या आजीबरोबर खेळताना हाताळलेले चिंचोके दिसले, आणि नाव तेच पडले. नर की मादी हे त्या वयात सांगता येत नाही. म्हणून नावाच्या लिंगावर कोणीही फार विचार केला नाही.

आईला दूरध्वनीवरून ही वार्ता कळवली तेव्हा ती क्षणभर स्तब्ध राहिली. देवळात गाभाऱ्यासमोर जमिनीत बसवलेल्या दगडी कासवाला हात लावून मग दर्शन घ्यावयाचे, जेजुरीला खंडोबापुढच्या त्या प्रचंड पितळी कासवावर भंडारा उधळावयाचा, अशा संस्कारांत तिचे आयुष्य गेलेले. “अरे, देवापुढचं कासव घरात आणलंस, तर त्याला कुणाचा पाय लागू देऊ नकोस हो,” ती म्हणाली, “आणि आणलंच आहेस तर नीट सांभाळ. त्याला काय हवं ते त्याला विचार.” तिच्या या शेवटल्या वाक्याइतका उपयोगी सल्ला मला पुढे एकाही पुस्तकात मिळाला नाही.

दुकानदार अशा पिलासाठी काचेची पेटी सुचवतात. मला ती पसंत नव्हती. भूकासवाला काच ही वस्तू कळतच नाही. जेथवर दिसते तेथवर चालता येते, ही त्याच्या जातीची लक्षावधी वर्षांची समजूत असल्यामुळे, ते पारदर्शक भिंतीशी पंजे खरवडीत तासन्‌तास उभे राहते आणि शिणते. शिवाय बंद पेटीत हवा कोंडते, सगळीकडे उष्मा सारखाच होतो, आणि उष्म्याचा हा सारखेपणाच कासवाला घातक. त्याचे रक्त स्वतःची ऊब निर्माण करीत नाही. उन्हात जाणे आणि सावलीत परतणे एवढ्या दोनच क्रियांनी ते आपले शरीर राखते. तेव्हा त्याला जे घर द्यावयाचे, त्यात एका टोकाला ग्रीसची दुपार आणि दुसऱ्या टोकाला झुडपाखालची सावली असली पाहिजे, आणि या दोहोंमधील अंतर त्याला स्वतःच्या पायांनी, स्वतःच्या इच्छेने चालता आले पाहिजे.

म्हणून आम्ही फळ्यांचा एक लांबट, वरून उघडा चौथरा केला. चार फूट लांब, दोन फूट रुंद. कडेच्या फळ्या त्याला चढता येणार नाहीत अशा उंच आणि अर्थातच अपारदर्शक. उष्ण टोकाला गावातल्या जुन्या घरांच्या छपरावर असते तशी काळ्या पाटीच्या दगडाची एक लादी ठेवली, कारण तो दगड दिव्याखाली तापून पोटालाही ऊब देतो आणि त्यावर चालून नखे आपोआप झिजतात. गार टोकाला लाकडी निवारा, आत ओलसर माती. मधल्या पट्ट्यात दोन-चार दगड आणि एक वाळकी फांदी, मार्गात अडथळा असावा म्हणून. मात्र दिव्याखाली उंच दगड एकही नाही. चढताना कोलमडून कासव तेथे उताणे पडले तर पोटातील अवयवांचा भार फुप्फुसांवर येतो आणि वरून दिवा भाजत राहतो. घरात कोणी नसताना एवढ्यानेही त्याचा प्राण जाऊ शकतो.

दिव्यांविषयी थोडे विस्ताराने सांगतो, कारण या सबंध संसाराचा कणा तोच. एक दिवा उष्णतेचा: त्याच्याखाली पाठीच्या उंचीवर ३२ ते ३५ अंश सेल्सियस, आणि गार टोकाला २० अंशांच्या आसपास. दुसरी नळी अतिनील किरणांची. ही नळी काचेआड किंवा प्लास्टिकच्या आवरणामागे बसवली तर दिसावयाचा उजेड दिसतो, परंतु हवे असलेले किरण त्या आवरणातच अडकतात. तिचे दुसरे लक्षण अधिक फसवे: वर्षभराने तिचा प्रकाश पहिल्यासारखाच वाटतो, आणि किरणांचे सामर्थ्य मात्र कधीच क्षीण होऊन गेलेले असते. म्हणून नळी विझण्याची वाट न पाहता, बसवल्याची तारीख वहीत नोंदवून मुदतीला ती बदलावी, हा आमच्या घरचा शिरस्ता झाला. किरण कमी पडले की कितीही कॅल्शियम चारले तरी ते अस्थींत मुरत नाही. आणि कासवाचे कवच ही काही वरून घातलेली ढाल नव्हे, ते त्याच्या फासळ्या आणि पाठीचा कणा यांचेच सांधलेले रूप आहे. मुडदूस झालेल्या बालकाचे जसे पाय वाकतात, तसे अशा पिलाचे सारे घरच मऊ पडते. सकाळी दिवे लावणे आणि रात्री मालवणे यांची वेळ आम्ही कधी चुकू दिली नाही. गावाला जावयाचे झाल्यास शेजाऱ्यांच्या हवाली किल्ली आणि वही दोन्ही असत.

मातीचेही असेच. बागेची साधी माती आणि वाळू, पंज्यांनी उकरून अंग पुरून घेता येईल इतक्या खोलीची. वरचा थर कोरडा, खालचा ओला. भूमध्य सागराकाठचे कासव कोरड्या मुलखातले, म्हणून त्याला कोरडे ठेवावे, असे जुने पालक मानीत. पण पिल्लू आपल्या आयुष्याचा मोठा भाग झुडपांच्या मुळांशी, दमट पाचोळ्यात दडून काढते. व्हिएन्नातील संशोधकांनी २००३ साली आफ्रिकेतील एका मोठ्या जातीच्या पिलांवर केलेल्या प्रयोगांत असे आढळले की, पाठीवर जे कुरूप शंकू उठतात, त्यांना आहारातील प्रथिनांपेक्षा हवेचा कोरडेपणा कितीतरी अधिक कारण असतो. चिंचोक्याची पाठ तो आमच्याकडे असेपर्यंत सपाट आणि गुळगुळीत राहिली, याचा मला निःसंकोच अभिमान आहे. कोमट पाण्याच्या पसरट ताटलीत, पाणी हनुवटीच्या वर जाणार नाही अशा बेताने, कन्या त्याला स्नान घाली. तेव्हा तो मान लांबवून, डोळे मिटून पाणी पीत असे.

आहाराचा प्रश्न आईनेच सोडवला असे म्हणावयास हरकत नाही. उन्हाळ्यात ती आमच्याकडे आली, मागल्या अंगणातील पिवळ्या फुलांचा डँडेलियन तिने मोडून पाहिला, देठातून दुधासारखा चीक आला, आणि ती म्हणाली, “ही तर आपल्या पाथरीची बहीण.” वनस्पतिशास्त्रही या दोहोंना एकाच कुळात बसवते. इंग्रज ज्याला तण म्हणून विष घालून मारतात, ते डँडेलियन, इसबगोलाच्या जातकुळीतील रुंद पानांचा प्लँटेन, आणि क्लोव्हर हेच चिंचोक्याचे पक्वान्न. फळे आणि माणसांचे शिजवलेले अन्न मात्र पूर्णतः वर्ज्य. आजी आणि नात टोपली घेऊन नदीकाठच्या, औषधे न फवारलेल्या गवतात जात आणि पाने निवडीत. त्यावर कॅल्शियमची चिमूटभर पूड. पानांच्या ढिगात पिवळे फूल असले तर चिंचोका आधी तेच गाठीत असे. रंग त्याला उत्तम कळे. आई त्याच्याशी मराठीत बोलत असे. “खा रे बाबा, सावकाश खा, कुणी नेत नाही तुझं,” हे तिचे रोजचे शब्द.

कासवाला ओळख नसते असे म्हणणाऱ्यांनी इंग्रज निसर्गनिरीक्षक गिल्बर्ट व्हाइट यांचे सेलबर्न गावाविषयीचे पुस्तक वाचावे. त्यांच्या आत्याबाईंकडील टिमोथी नावाचे कासव, तीस वर्षांहून अधिक काळ आपल्याला अन्न देणाऱ्या त्या वृद्धेची चाहूल लागताच तिच्याकडे खुरडत जाई, अशी त्यांनी नोंद केली आहे. १७८० साली आत्याबाई निवर्तल्यावर व्हाइटनी त्या कासवाला आपल्या घरी नेले, आणि ते त्यांच्याही मागे उरले. त्याचे कवच लंडनच्या निसर्गेतिहास संग्रहालयात आहे, आणि ते कासव मादी होते हे मृत्यूनंतर निश्चित झाले. चिंचोका आईच्या आवाजाकडे वळत असे. इतरांच्या आवाजाला तो मान आत ओढी, तिच्या आवाजाला बाहेर काढी. उचलून घेणे त्याला कधीच रुचले नाही, आणि आम्हीही वजनाच्या वेळेखेरीज त्याला उचलीत नसू. जमिनीपासून सुटलेले पाय हवेत चालवीत राहणाऱ्या त्या प्राण्याकडे पाहिले की, प्रेम हे हाताने करावयाचे नसते, याची खात्री पटे.

तो थोडा मोठा झाल्यावर शीतनिद्रेचा प्रश्न आला. त्या देशातले जाणते पालक याकरिता एक स्वतंत्र शीतकपाटच ठेवतात. उपवासाने पोट पूर्ण रिते झालेल्या कासवाला मातीच्या डब्यात ठेवून, ५ अंशांच्या आसपास, ना गोठेल ना जागे होईल अशा थंडीत झोपवतात. रोज दार उघडून हवा बदलावयाची, ठरलेल्या दिवशी वजन करावयाचे. महिन्याला शेकडा एकाहून अधिक घट दिसली तर जागे करावयाचे. आई त्या काळात वाईहून विचारी, “श्वास घेतोय ना?” आणि मी तिला वजनाचे आकडे वाचून दाखवी.

आपल्या संतवाङ्मयात कासवी आपल्या पिलांचे पोषण दुरून, केवळ दृष्टीने करते असे पुनःपुन्हा येते. निसर्गात हर्मनची मादी मागच्या पायांनी खळगा करते, अंडी घालते, माती लोटते आणि निघून जाते. पुढे सूर्य माती तापवतो, आणि ती माती ३१ ते ३२ अंशांच्या खाली राहिली की वर गेली यावर पिल्लू नर की मादी हेही ठरते. ते पाहणे जिच्या वाट्याला कधी येत नाही, तिच्या ठायी संतांनी ती दृष्टी का कल्पिली असेल, हे मला त्या चौथऱ्यापाशी बसून समजले. तापमापकाकडे, वजनाच्या काट्याकडे, डोळ्यांच्या तकाकीकडे पाहणे, याहून निराळे असे आम्ही त्याच्यासाठी फारसे काही करीतच नव्हतो. आणि तो तेवढ्यावर वाढत होता.

पुण्यास कायमचे परतण्याचे ठरले तेव्हा त्याला बरोबर नेणे आम्ही मनात आणले नाही. परदेशी वन्यजीव सीमेपार नेण्याचे निर्बंध कडक आहेत, तसे ते असलेच पाहिजेत. इकडे आपल्या देशातही १९७२ च्या वन्यजीव कायद्याने देशी कासवे घरात ठेवण्यास मनाई असता, भाग्य उजळते या समजुतीने तारांकित कासवांची चोरटी विक्री आजही चालते, आणि घरात कासव दिसले की ते पाहणाऱ्याला वाटते, आपणही आणावे. शिवाय जो प्राणी पन्नास-साठ वर्षे सहज जगतो, त्याला आमच्या बदल्या आणि निवृत्ती यांच्या हिशेबात गुंतवणे न्याय्य नव्हते. आमच्याच गल्लीतील एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी मोबदला न घेता-देता त्याचा स्वीकार केला. त्यांनी आपल्या मृत्युपत्रात चिंचोक्याचा उत्तराधिकारी म्हणून भाचीचे नाव आधीच घातले, आणि तो कागद मला दाखवल्यावाचून त्या त्याला घेऊन गेल्या नाहीत. चौथरा, दिवे, दाखला, वह्या, सारे त्यांच्या हवाली केले. कन्या त्या दिवशी खूप रडली, आणि तिची समजूत घालण्याचा प्रयत्न मी केला नाही.

शिक्षिकाबाई दर ऋतूला पत्र लिहितात. त्यांच्या काचगृहात त्यांनी जास्वंद लावली आहे आणि तिचे फूल पडले की तो ते पाकळीही न ठेवता संपवतो, हे वाचून आईला फार संतोष झाला. मागच्या पत्रात त्यांनी कळवले की, निवारा गार टोकाच्या कोपऱ्यातून काढून भिंतीलगत मधोमध आणला आहे, कारण तो तेथेच माती उकरू लागला होता, आणि यास माझी हरकत नसावी. मी उलट टपाली लिहिले की हरकत नाही. तो उकरतो तीच जागा योग्य.