दुसरा मालक

वयाच्या अडतिसाव्या वर्षी आम्ही आयुष्यातली पहिली मोटारसायकल घेतली, आणि तीही जुनी. सकाळी निगडीत मराठीचे दोन तास आणि दुपारी चाकणला तीन, ही कसरत दोन वर्षे बस आणि सहा आसनी रिक्षांच्या भरवशावर केली. मोशीच्या पुढे नाशिक रस्त्यावर कंटेनरांच्या रांगेत अडकलो की चाकणचा पहिला तास हमखास बुडे. तासिका तत्त्वावरच्या अध्यापकाला बुडालेल्या तासाचे पैसे मिळत नाहीत, हे वाचकांपैकी अनेकांना सांगायला नकोच. पगारपत्रक नसल्याने नव्या गाडीला कर्जही मिळत नाही. तेव्हा जुनी गाडी, रोख पैसे, आणि दुचाकीतले आमचे अगाध अज्ञान, एवढ्या भांडवलावर शोध सुरू झाला.

ज्या पट्ट्यात रोज हजारो नव्या गाड्या तयार होतात तिथेच जुनी शोधत फिरणे थोडे चमत्कारिक वाटते. परवाना-राजच्या दिवसांत आकुर्डीच्या बजाज स्कूटरसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून बसावे लागे आणि वापरलेली स्कूटर नव्या स्कूटरच्या किमतीहून महाग विकली जाई. वर्गात हे सांगितले तर मुले आपल्याकडे दयेने बघतात. १९९९ मध्ये चाकणचा कारखाना सुरू झाला, २००१ च्या अखेरीस पल्सर आली, २००७ मध्ये आकुर्डीतले दुचाकींचे उत्पादन थांबले. (२०२२ पासून तिथे विजेवरची चेतक तयार होऊ लागली, पण तो आमच्या खिशाबाहेरचा विषय.) आम्हीही शेवटी पल्सरच शोधू लागलो. कारण एवढेच, की तिचे सुटे भाग या भागात कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतात.

ओळखीच्या गॅरेजवाल्याने बजावले होते, "सर, गाडी सकाळी बघा, थंड असताना. आणि धुऊन पुसून ठेवलेली असली तर परत फिरा." धुतलेल्या इंजिनावर ऑईल कुठून गळते ते दिसत नाही, आणि आधीच तापवून ठेवलेले इंजिन कोणाच्याही हाताने सुरू होते. त्याने आणखीही पुष्कळ शिकवले. सायलेन्सरमधून निळसर धूर येत राहिला तर ऑईल जळते आहे असे समजावे. हँडल सावकाश डावीकडून उजवीकडे फिरवावे. मधोमध ते अडखळले तर कोनसेट गेला. इंजिनाच्या बोल्टांची डोकी खरवडलेली असली तर ते कोणीतरी उघडले आहे. भोसरीत पाहिलेल्या एका गाडीचे मीटर एकोणीस हजार किलोमीटर दाखवत होते, पण ब्रेकच्या पायपट्टीवरचे रबर झिजून गुळगुळीत झाले होते आणि मागच्या स्प्रॉकेटचे दात करवतीसारखे टोकदार. कागदाचे वय आणि मजकुराचे वय जुळत नसेल तर हस्तलिखिताविषयी शंका घ्यावी, हे आम्ही पाठचिकित्सा शिकवताना वर्षानुवर्षे सांगत आलो. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली हेही सांगतो. त्या ज्ञानाचा प्रत्यक्ष उपयोग आयुष्यात पहिल्यांदा झाला तो भोसरीत, पेट्रोलपंपाशेजारी. असो.

पाचवी गाडी खराबवाडीतल्या एका चाळीच्या बोळात उभी होती. २०१६ ची, एमएच १४, धुळीने भरलेली. मालक तिशीतला, नांदेडकडचा. पहिल्या नोकरीवर बँकेच्या हप्त्यांनी त्याने ती नवी घेतली होती. पुढे तो एका सुट्या भागांच्या कारखान्यात कंत्राटावर होता. कंत्राट संपले, पुन्हा बोलावणे आले नाही, आणि खोली महिनाअखेरीस सोडायची होती. आम्ही चॅसी क्रमांक वहीत उतरवून घेत असताना तो आपण होऊन म्हणाला, "पुढचं डावं शॉकअप गळतंय सर. सील गेलंय."

आम्ही त्याच सीलवरून दोन हजार रुपये कमी करून घेतले. तो फारसे बोलला नाही.

खरी अडचण निघाली ती कागदांत. कर्ज २०१९ मध्येच फिटले होते, पण बँकेचा बोजा नोंदणीपुस्तकावर तसाच होता. तो उतरवावा लागतो हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. चाकणचा एक एजंट त्याच दिवशी रोख पैसे द्यायला तयार होता. किंमत आमच्यापेक्षा चार हजारांनी कमी, पण २९ आणि ३० क्रमांकाच्या कोऱ्या फॉर्मांवर सह्या केल्या की सुटका. आम्ही त्याला समजावले. कायद्याप्रमाणे विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत आरटीओला कळवायचे असते. गाडी चार हात फिरली तरी नोंदीत नाव ज्याचे, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये म्हटले आहे. उद्या तुमची गाडी कोणी कुठे ठोकली तर नोटीस नांदेडला येईल. तो गप्प बसून ऐकत राहिला. आम्ही सांगितले त्यात खोटे काही नव्हते. पण बोजा उतरल्याशिवाय गाडी आमच्या नावावर होणार नव्हती, हेही तितकेच खरे, आणि ते आम्ही जरा कमी जोर देऊन सांगितले.

बँकेने ना-हरकत पत्राला वेळ लावला. तोवर तो खोली सोडून गावी गेला. तीन आठवड्यांनी रात्रभर बसने प्रवास करून तो पत्र घ्यायला आणि सह्या करायला परत आला, आणि त्याच संध्याकाळच्या बसने निघाला. त्याला आम्ही स्टँडवर सोडले, त्याच गाडीवर, मागे बसून तो दोनदा म्हणाला, "सर, क्लच पूर्ण दाबा." येण्याजाण्याच्या भाड्याविषयी विचारायचे आम्हाला तेव्हा सुचले नाही.

नवे नोंदणीपत्र महिन्याभराने आले. त्यावर आमचे नाव, आणि मालकाच्या क्रमांकापुढे २. आता चाकणचा पहिला तास बुडत नाही.

शॉकअपचे सील गेल्या शनिवारी बदलून घेतले. गॅरेजवाल्याने ऑईल आणि मजुरी धरून सातशे ऐंशी रुपये घेतले.