पुनर्मुद्रणाचा ठेवा

मनुष्यमात्रास संग्रहाची हौस असते. कोणी जुनी नाणी जमवितो, कोणी टपालाची तिकिटे, तर कोणी पितळेचे दिवे. आमच्या खोलीतील लोखंडी कपाटाचे दोन खण मात्र चित्रकथांच्या पुस्तकांनी भरलेले आहेत. ज्यांस आपण सारे ‘कॉमिक’ म्हणतो, तीच ही पुस्तके. त्यातही नवलाची गोष्ट अशी की, त्यांतील बहुतेक मूळ प्रती नाहीत. जुन्या अंकांच्या पुढे निघालेल्या नव्या आवृत्त्या आहेत. आमच्याकडे येणारे काही धर्मबंधू हे पाहून हसतात. “फादर, जमवायचेच, तर अस्सल जमवा, नकला कशाला?” असे ते म्हणतात. प्रश्न योग्य आहे, आणि वाचकहो, त्याचे उत्तर शांतपणे द्यावे म्हणून हा लेख लिहीत आहोत.

प्रथम अस्सल म्हणजे काय ते पाहू. अमेरिकेत १९३३-३४ च्या सुमारास चित्रकथांची पहिली स्वस्त पुस्तके निघाली. ती नव्या कथांची नव्हती. वृत्तपत्रांत आधीच छापून गेलेल्या चित्रमालिका त्यांत पुन्हा छापल्या होत्या. म्हणजे या प्रकारच्या पुस्तकाचा जन्मच मुळी पुनर्मुद्रणातून झाला. पुढे १९३८ साली सुपरमॅन हा वीर ज्या अंकातून प्रथम अवतरला, त्याची किंमत अवघी दहा सेंट होती. त्याच अंकाची एक प्रत २०२४ साली लिलावात साठ लाख डॉलरना विकली गेली. मुले तो अंक वाचून फेकून देत. फेकला गेला म्हणून दुर्मिळ झाला आणि दुर्मिळ झाला म्हणून महागला. आज अशी प्रत काचेसारख्या पारदर्शक पेटीत मोहोरबंद करून ठेवतात. ती उघडली की तिचे मोल घटते. जे वाचण्यासाठी छापले, ते वाचले असता मोल उणे होते, हा केवढा विपरीत न्याय!

आपल्याकडील गोष्टही याहून निराळी नाही. मुंबईच्या बेनेट कोलमन कंपनीने मार्च १९६४ मध्ये ‘इंद्रजाल कॉमिक्स’ सुरू केले. पहिल्या अंकाची किंमत साठ पैसे होती. पहिल्या ३२ अंकांत केवळ फँटमच्या, म्हणजे आपल्या वेताळाच्या कथा होत्या. जादूगार मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन ही मंडळी त्यानंतर आली. मराठीतही हे अंक निघत. कित्येक खेड्यांतील मुलांनी अफ्रिकेचे अरण्य आणि कवटीची गुहा प्रथम पाहिली ती यांतच. परंतु वेताळ हा ली फॉक या अमेरिकन लेखकाने १९३६ साली वृत्तपत्रासाठी निर्माण केलेला वीर होता. त्याच्या मूळ चौकटी पानांत बसविण्यासाठी आपल्याकडे काटछाट होई. ‘बंगाला’ हे त्याच्या देशाचे नाव आपल्या बंगालशी जुळते म्हणून ते बदलून ‘डेंकाली’ करण्यात आले. तेव्हा ज्या इंद्रजाल अंकास संग्राहक आज ‘अस्सल’ म्हणून कवटाळतात, तो स्वतःच भाषांतरित आणि संपादित असे एक पुनर्मुद्रण होता. अस्सल देशी म्हणावा असा वीर त्या मालेत १९७६ मध्ये आला. तो म्हणजे आबिद सुरती यांनी लिहिलेला आणि गोविंद ब्राह्मणिया यांनी रेखाटलेला ‘बहादूर’. १९९० मध्ये ही माला बंद पडली.

‘अमर चित्र कथा’ या मालेचे उदाहरण अधिक बोधप्रद आहे. इंद्रजालच्या आरंभकाळात तेथे काम केलेले अनंत पै १९६७ च्या फेब्रुवारीत दिल्लीस होते. दूरदर्शनवरील एका प्रश्नमंजूषेत मुलांना ग्रीक देवतांविषयीची उत्तरे देता आली, परंतु रामाच्या आईचे नाव सांगता आले नाही, हे पाहून त्यांच्या मनास चटका लागला. त्यातून इंडिया बुक हाउसच्या आश्रयाने ही माला उभी राहिली. पहिले दहा क्रमांक परदेशी परीकथांचे होते. ‘कृष्ण’ हा देशी कथेचा पहिला अंक अकरावा. तो राम वाईरकरांनी चितारला. पुढे प्रताप मुळीक, दिलीप कदम अशा मराठी चित्रकारांनी या मालेचे मोठे ओझे उचलले. ‘येशू ख्रिस्त’ हा अंकही या मालेत निघाला, आणि २०१० साली मदर तेरेसांवरील अंक निघाला. अनंत पै २०११ मध्ये निवर्तले.

या मालेची मूळ प्रत आणि पुनर्मुद्रण ओळखण्याची खूण सोपी आहे. जुने अंक १९९१ पर्यंत ४३६ या क्रमांकापर्यंत पोहोचले. त्यानंतर जाड कव्हराच्या नव्या आवृत्त्या निघू लागल्या, तेव्हा क्रमांक ५०१ पासून नव्याने घातले गेले. ‘कृष्ण’ हाच ५०१ झाला. आरंभीच्या अंकांत खर्च वाचविण्यासाठी पिवळा, निळा, हिरवा एवढ्याच रंगांवर भागविलेले असे. नंतरच्या आवृत्त्यांत पूर्ण रंग आले. तीन किंवा पाच कथा एकत्र बांधलेले खंडही मिळतात. ज्यास मूळची ओबडधोबड गोडी हवी त्याने जुनी प्रत शोधावी. ज्यास मुलांच्या हाती द्यावयाचे आहे त्याने नवी घ्यावी.

येथे एक सावधगिरीची सूचना केली पाहिजे. पुनर्मुद्रण हे ‘मी पुनर्मुद्रण आहे’ असे उघड सांगते तोवर ते प्रामाणिक होय. १९७४ साली सुपरमॅनच्या त्या पहिल्या अंकाची हुबेहूब आवृत्ती मोठ्या आकारात काढण्यात आली. ती नवी असल्याचे बाहेरच्या वेष्टनावर छापलेले होते. काही लबाडांनी ते वेष्टन काढून आतील भाग अस्सल म्हणून खपविला. आपल्याकडेही झेरॉक्स काढून, टाचून, ‘दुर्मिळ प्रत’ म्हणून विकणारे आहेत. ज्याचा हक्क आहे त्याच्या परवानगीवाचून छापणे ही चोरीच, मग तिला कितीही भावनेचा मुलामा द्या.

आता आमच्या मुधोळविषयी. हा भाग पूर्वी हैदराबाद संस्थानात, नांदेड जिल्ह्यात होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मुधोळ तालुका नांदेडापासून तुटून आदिलाबादेस जोडला गेला. २०१६ पासून तो निर्मल जिल्ह्यात आहे. सरहद्द सरकली, माणसे जागच्या जागी राहिली. जवळच गोदावरीच्या काठी बासरचे सरस्वतीचे देऊळ आहे, आणि दूरदूरचे लोक मुलांना पहिले अक्षर गिरवावयास तेथे आणतात. तथापि त्याच परिसरात अशी कित्येक मुले आहेत, जी घरी मराठी बोलतात, शाळेत तेलुगू किंवा इंग्रजी शिकतात, आणि मराठी वाचू म्हटले की अडखळतात.

अशा मुलांस व्याकरणाचे पुस्तक दिले तर ते दुसऱ्या दिवशी परत येते. चित्रकथा दिली तर पुस्तक परत येत नाही, मूल मात्र पुढच्या अंकासाठी परत येते! कारण उघड आहे. शब्द अडला तरी चित्र हात धरून पुढे नेते. आठवीतील एका मुलाने एकदा विचारले, “फादर, ‘अरण्य’ म्हणजे काय?” आम्ही म्हटले, “बाळ, चित्रात पाहा बरे.” झाडांची दाटी पाहून तो हसला. “म्हणजे अडवी!” अडवी हा तेलुगू शब्द. शेजारी बसलेली त्याची आजी म्हणाली, “अरे, आपण त्याला रान म्हणतो.” एका चौकटीपाशी तीन शब्द भेटले. संस्कृतातील अटवी हीच तेलुगूत अडवी झाली, हे आम्ही त्यास सांगितले तेव्हा त्या मुलाच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसला, तो मोहोरबंद पेटीतील प्रतीने कोणास दिला असेल काय? नव्या आवृत्तीचे पान फाटले तर दुसरी आणता येते. म्हणूनच ती मुलाच्या तेलकट हातात निर्धास्तपणे देता येते. आमच्या संग्रहाचे सारे तत्त्वज्ञान एवढेच आहे.

परंतु पुनर्मुद्रणासही एक मर्यादा आहे, आणि ती आम्हास एका कुटुंबाने शिकविली. घरातील कर्ते वडील वारले. त्यांच्या ट्रंकेत मराठी इंद्रजालचे शंभरएक अंक निघाले. तरुणपणी नांदेडला नोकरीस असताना पगाराच्या दिवशी ते विकत घेत. थोरल्या मुलास शहरातील एका संग्राहकाने फोनवरून चांगली किंमत देऊ केली. त्याच्या मुलीची महाविद्यालयाची फी भरावयाची होती, म्हणून तो विकावयास तयार झाला. धाकटा म्हणे, “बाबांची आठवण मी विकू देणार नाही.” भावाभावांत अबोला धरण्यापर्यंत पाळी आली. त्यांची आई आमच्याकडे येऊन म्हणाली, “फादर, तुम्हीच सांगा. दोघेही माझेच आहेत.”

आम्ही म्हणालो, “मावशी, विकणे हे पाप नव्हे आणि ठेवणे हे पुण्य नव्हे. आधी सगळे अंक उघडून तर पाहू.” एका रविवारी दुपारी ते सारे ओसरीवर मांडले. पाहता पाहता असे आढळले की, वीस-बावीस अंकांच्या आतल्या पानावर वडिलांनी पेन्सिलीने काही ना काही लिहिले होते. एकावर लिहिले होते, ‘धाकट्यास ताप, वाचून दाखविला, झोपला.’ दुसऱ्यावर, ‘थोरल्याने आज स्वतः वाचला.’ तारखाही होत्या. थोरला मुलगा ते पान हातात धरून कितीतरी वेळ गप्प बसला. संग्राहकास विचारता तो म्हणाला, पेनपेन्सिलीच्या खुणा असलेल्या प्रतींस फारसे मोल नाही. कोऱ्या प्रती असतील तर पाठवा. प्रश्न आपोआप सुटला. बाजारास ज्या नको होत्या त्या घराने ठेवल्या, घरास ज्यांची तेवढी गरज नव्हती त्या बाजाराने नेल्या. मुलीची फी भरली गेली, आणि दोघे भाऊ एका पंगतीस बसले.

कथा पुन्हा छापता येते, चित्र पुन्हा छापता येते. बापाचे हस्ताक्षर पुन्हा छापता येत नाही. हा विवेक संग्राहकाने मनाशी बाळगावा.

तरीही पुनर्मुद्रणास कोणी क्षुद्र लेखू नये. आपल्याच घरातील उदाहरण पाहा. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली प्रथम छापले गेले. १६४९ व १६५४ साली त्याच्या पुढील आवृत्त्या निघाल्या. या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. हस्तलिखितांच्या आधारे १९०७ साली मंगळूर येथे सलढाणा यांनी ते रोमन लिपीत पुन्हा छापले आणि १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी ते देवनागरीत आणले, म्हणून ते आपल्या हाती आहे. अस्सल प्रतीचाच हट्ट धरला असता, तर मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा हा मुकुटमणी आपणांस नावापुरताच माहीत राहिला असता. महाकाव्याची तुलना चित्रकथेशी करण्याचा आमचा हेतू नाही. परंतु कागद मरतो आणि आवृत्ती जगते, हा नियम दोहोंस सारखाच लागू आहे.

शेवटी चार व्यवहाराच्या गोष्टी. या अंकांचा स्वस्त कागद लाकडाच्या लगद्याचा असतो. ऊन आणि हवा लागून तो पिवळा पडतो व ठिसूळ होतो. म्हणून तो उन्हात वाळत घालू नये. पावसाळ्यात भिंतीस टेकवून ठेवू नये. लोखंडी टाचण गंजला असेल तर हलकेच काढून सुती दोऱ्याने टाका घालावा. चिकटपट्टी कधीही लावू नये. तिचा डाग जन्माचा होतो. आणि मुख्य म्हणजे, माळ्यावरची ट्रंक रद्दीवाल्यास देण्यापूर्वी एकदा घरातील सर्वांनी मिळून उघडावी. कोऱ्या प्रतीस बाजार आहे, फाटक्या कथेस नवी आवृत्ती आहे; परंतु एखाद्या आतल्या पानावर आपल्या लहानपणच्या तापाची नोंद असेल, तर ती जपणारा घराबाहेर दुसरा कोणी नाही.